कोपरा न कापलेलं कार्ड

आमच्या मोहीमप्रमुखाला सगळं ऑफिस पाठीमागे 'उंटावरचा' म्हणतं. पुढचा 'शहाणा' आम्ही गाळला, कारण तेवढंसुद्धा त्याला द्यायची कुणाची तयारी नव्हती. हे नाव मी ठेवलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून जी काही चांगली कामं झाली त्यांत मी ते धरते.

तो येण्याआधी आमच्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी कक्ष म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली होती. भिंतीला लाकडी खणांचं कपाट, त्यात अडतीस हजार कार्डं, आणि मी. कार्डावर फोटो, नाव, शाखा, वर्ष, पत्ता, फोन, आणि खाली 'विशेष शेरा' म्हणून चार रिकाम्या ओळी. त्या ओळींत कुणी काही लिहीत नसे. मी लिहायचे. मुलं कागदपत्रं न्यायला रांगेत उभी राहायची, आपापसात गप्पा मारायची, आणि ती गेली की मी टिपून ठेवायचे. 'वसतिगृहाचं बंद पडलेलं घड्याळ याने चालू केलं.' 'हिला तोंडी परीक्षेआधी उचकी लागते.' कुणी सांगितलं नव्हतं, पगारही त्याचा नव्हता. खोड म्हणा.

आणि माणूस गेला की मी कार्डाचा उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीनं कापायचे. घरून फोन आला, पेपरात बातमी दिसली, की कात्री. खणावरून बोट फिरवलं की कापलेला कोपरा हाताला लागतो, मग त्या घरी 'सढळ हाताने मदत करा' असलं पत्र चुकूनही जात नाही. गेलेल्या माणसाच्या घरी आमचं एकही पत्र गेलेलं नाही असं मी येईल त्याला छातीठोकपणे सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

उंटावरचा पहिल्या दिवशी कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हे काय, म्युझियम आहे का?" पायात पांढरे बूट, मनगटाला घड्याळाच्या जागी काहीतरी चमकणारं. मग त्यानं आम्हाला समोर बसवून एक तास भाषण दिलं. पत्रांचा जमाना गेला. आता सगळं मोबाईलवर. निधी उभारायचा तर लोकांच्या खिशात शिरता आलं पाहिजे. खिशात शिरणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण नव्या साहेबाच्या पहिल्याच दिवशी तोंडी लागायचं नाही असा माझा नियम आहे.

त्यानं बरोबर एक मुलगी आणली होती, तिचं काम रील बनवणं. ती आम्हा सगळ्यांची रीलवाली. मनानं वाईट नव्हती, पण तिला कुठलीही वस्तू नुसती बघता येत नसे. ग्रंथालयात तिनं मुलांना पुस्तकं छातीशी धरून हसत पळायला लावलं. ग्रंथालयात तीस वर्षांत कुणी पळालं नव्हतं, आणि पुस्तकं छातीशी धरणारेही फारसे नव्हते. कुलगुरूंना तिनं झाडाखाली चालायला लावलं, सात वेळा, कारण ते सारखे कॅमेऱ्याकडे बघत होते. त्या रीलला बावीस हजार लाइक आले आणि मदत म्हणून एका माणसानं अंगठा पाठवला. उंटावरचा म्हणाला, ही तर सुरुवात आहे.

तिसरा एक डेटावाला. चाळिशी ओलांडलेला, जाड चष्म्याचा, कंत्राटावरचा माणूस. सात महिने तो माझ्या शेजारी बसून माझी कार्डं एकेक करून कंप्युटरमध्ये भरत होता. मी त्याला चोरासारखं वागवलं. कार्ड परत जागच्या जागी ठेवलं की नाही ते बघायला मी डबासुद्धा तिथेच खायचे. तो काही बोलायचा नाही. विशेष शेरेही तो भरतोय हे मला दिसत होतं, पण कशासाठी ते विचारायचा कमीपणा मी घेतला नाही.

कशासाठी ते मीटिंगमध्ये कळलं. मोहिमेचं नाव 'चल घरट्याकडे'. दर गुरुवारी अकरा वाजता प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या मोबाईलवर मेसेज जाणार, नावानिशी, आणि तो मेसेज कंप्युटर माझ्या शेऱ्यांवरून रचणार. उंटावरच्यानं नमुना पडद्यावर दाखवला: 'काय दोस्ता! आठवतंय का, वसतिगृहाचं घड्याळ तू चालू केलं होतंस? ते अजून तुझी वाट बघतंय!' आणि खाली पैसे पाठवायचं बटण. ते घड्याळ अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेलं. मी तसं म्हणाले. उंटावरचा म्हणाला, "मॅडम, भावना महत्त्वाची."

मग मी दुसरा प्रश्न विचारला. गेलेल्या लोकांचं काय? तो थोडा वैतागला. म्हणाला, 'मृत' हा शब्द फार निगेटिव्ह आहे, आपण त्यांना 'मौन माजी विद्यार्थी' म्हणू. मी म्हणाले, मौन धरलेला माणूस कधीतरी बोलतो. सगळे हसले, कुलगुरूही हसले, आणि हसण्याच्या भरात माझं म्हणणं मंजूर झालं. 'हयात नाही' असंच बटण असेल. ते दाबलं की नंबर, पत्ता, फोटो, सगळं कायमचं पुसलं जाईल, पुन्हा कुणाला, अगदी मोहीमप्रमुखालाही, काढता येणार नाही. आणि ते बटण फक्त माझ्याकडे. त्या दिवशी मी घरी जाताना गुणगुणत होते.

ही झाली पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. मेसेज सुरू होऊन परवा एकोणीस गुरुवार झाले, आणि आज मोठा दिवस होता. 'चोवीस तास, एक घरटं'. सभागृहात दुमजली उंचीचा पडदा, त्यावर वाढत जाणारा आकडा, आणि चार वाजता रंगमंचावरून दहा 'लाडक्या' माजी विद्यार्थ्यांना अचानक व्हिडिओ कॉल. हे दहा कंप्युटरनं निवडले होते, जे सगळ्यात जास्त उत्तरं देतात ते. सकाळी नऊला यादी माझ्या टेबलावर आली, पदव्या आणि वर्षं बरोबर आहेत ना ते बघायला.

पहिलं नाव माझ्या भाच्याचं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. घरात आम्ही त्याला लंबू म्हणायचो. इथेच शिकला, माझ्याच खिडकीशी येऊन उभा राहायचा, दारातून वाकून आत यायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. यादीत त्याचा हसरा फोटो होता आणि पुढे लिहिलं होतं: 'प्रत्येक मेसेजला उत्तर. सरासरी चाळीस सेकंदांत. एकोणीस वेळा मदत.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादी घेऊन मी डेटावाल्यापुढे गेले आणि चांगली पाच मिनिटं बोलले. सात महिने खुर्ची उबवलीत, डोळे कुठे गहाण ठेवले होते, मेलेल्या पोराला हसत हसत रांगेत उभं केलंत, असं बरंच काही. मग तो उठला, कपाटाशी गेला, बरोबर तोच खण ओढला आणि कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

चारही कोपरे शाबूत होते.

"कापलेली दोन हजार एकशे बारा होती, मॅडम," तो म्हणाला. "मी दोनदा बघून भरलीत. हे त्यात नव्हतं."

नव्हतंच ते. मला आठवलं. लंबू गेल्यावर नोकरीवर परत आले तेव्हा मी कार्ड काढलं होतं आणि कात्रीही हातात घेतली होती. मग म्हटलं, उद्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा म्हटलं, उद्या. नंतर त्या खणाकडे मी वळलेच नाही. परक्यांच्या पोरांचे कोपरे मी कचाकच कापले आणि स्वतःच्या घरच्याला हात लावायची हिंमत झाली नाही, आणि वर जगाला नाकानं कांदे सोलून दाखवत होते. मला लाज वाटली. पण चूक कबूल करायची मला सवय नाही, म्हणून मी त्याला म्हणाले, "मग एका शब्दानं विचारायचं नाही का?" तो चष्मा पुसत राहिला, कारण यात त्यानं काय विचारायला हवं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

उत्तरं कोण देतंय हे वेगळं सांगायची गरज नव्हती. अर्धी रजा टाकून मी बहिणीकडे निघाले. पायी वीस मिनिटांचा रस्ता आहे, पादचारी पूल ओलांडायचा, मग गॅरेजांची गल्ली, मग तिसरा मजला.

लंबू गेल्यानंतर भाऊजींनी त्याची खोली रिकामी केली. कपडे देऊन टाकले, फोटो कपाटात ठेवले आणि आम्हा सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की या घरात त्याचा विषय काढायचा नाही, हिला सोसत नाही. तिला सोसतं की नाही ते कुणी तिला विचारलं नाही. मीही नाही. तीन वर्षं मी दर रविवारी तिच्याकडे जात होते आणि आम्ही दोघी गुडघेदुखी, शेजारणीचा कुत्रा आणि नळाची गळती यावर दोन-दोन तास बोलत होतो.

ताईनं दार उघडलं तर ती बाहेर जायचे कपडे घालून, केस नीट बांधून तयार. टेबलावर लंबूचा फोन चार्जिंगला लावलेला. मी त्याकडे बघतेय हे तिनं बघितलं आणि लपवायचा काही प्रयत्न केला नाही.

"कळलं का तुला?" ती म्हणाली. "बस. पाणी देऊ?"

"ताई, हे काय चालवलंयस तू?"

"काही नाही गं. मेसेज येतात, उत्तर देते."

मग तिनं फोन हातात घेतला आणि मला एकेक वाचून दाखवायला लागली. चष्मा न लावता वाचत होती, म्हणजे पाठच होते. "हा सातवा बघ. 'काय दोस्ता! आठवतंय का, रेडिओ क्लबची तार बांधायला गच्चीवर चढलास आणि खालून कुणीतरी शिडी काढून नेली? दोन तास वर बसून होतास!' " ती हसली. "मला कधी बोललाच नाही हे. शर्ट फाडून आला होता त्या दिवशी, मी काय काय बोलले त्याला. आणि हा बघ, अकरावा. 'तुझ्या वहीत मागच्या पानावर आईच्या आवाजाची नक्कल कशी करायची ते लिहिलं होतं, आठवतंय?' बघ मेला."

ती सगळी माझी वाक्यं होती. खिडकीतून तो सांगायचा, मी हसायचे आणि तो गेल्यावर लिहायचे. एका लाकडी खणाला मी हे सगळं सांगितलं होतं आणि त्याच्या आईला सांगितलं नव्हतं. ताई म्हणाली, "तिकडे कुणीतरी आहे गं त्याला नीट ओळखणारं," आणि मला खरं बोलायला तोंडच उरलं नाही. मी पाणी प्यायले.

"आणि तू काय लिहितेस?"

"त्याच्यासारखं. 'हो ना यार, काय दिवस होते.' मागे एकदा तीन हसरे चेहरे टाकले."

"पैसे कशाला देतेस त्या मेल्यांना?"

"मागतात म्हणून. त्याच्याकडे कुणी मागितलं तर तो नाही म्हणायचा का?"

ते खरं होतं. त्याच्या मित्रांनी त्याला लुटून खाल्लं होतं. मी विषय बदलून विचारलं, आज अशी सजून कुठे निघालीस. ती थोडी लाजली.

"कुठे नाही. चार वाजता कॉल येणारे. कालच कळवलं त्यांनी, फोनजवळ राहा, एक गंमत आहे म्हणून. व्हिडिओ असणार."

"उचलणार आहेस?"

"वेडी का खुळी तू? उचलला की दिसेन ना मी त्यांना. मग संपलंच. उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा." तिनं फोन पुन्हा टेबलावर ठेवला, वायर सरळ केली. "ती त्याची रिंग आहे ना, कसली ती ढणढण. केवढी भांडायचे मी त्यावरून. तीन वर्षांत एकदा वाजली नाही. माझ्या फोनवरून मी लावते कधी, नाही असं नाही, पण मग वर 'आई' असं नाव येतं आणि मला पुढे ऐकवत नाही. दुसऱ्या कुणी लावायला हवा. ज्याला खरंच त्याच्याशी बोलायचंय असा कुणीतरी."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती एवढं बोलली होती आणि पहिल्यांदा मला तिच्या घरातून उठावंसं वाटत नव्हतं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तू तिथे कुणाला काही बोलणार नाहीस ना?"

"मी कशाला बोलू," मी म्हणाले.

आणि मी खरंच बोलणार नव्हते. वाजेल, कुणी उचलणार नाही, ते पुढच्या लाडक्याकडे वळतील, प्रश्न मिटला. पूल ओलांडताना मी एवढाच विचार करत होते. अडीच वाजता विद्यापीठात पोचले, आणि आकडा किती झाला ते बघायला म्हणून सभागृहात डोकावले.

रंगीत तालीम चालू होती. पडद्यावर लंबूचा चेहरा, दुमजली. एकेक दात माझ्या हाताएवढा. खाली उंटावरचा, डोक्याला माईक बांधून, रिकाम्या खुर्च्यांपुढे सराव करत होता: "आणि हा आमचा सगळ्यात लाडका! काय राजा? विसरलास की काय आम्हाला? कुठे दडी मारून बसलायस?" ते जमलं नाही म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, जरा जास्त लाडात. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघून डोळा मारला.

मला तेवढं सहन झालं असतं तर बरं झालं असतं. मी पायऱ्या चढून थेट त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, "मेलाय तो. तीन वर्षं झाली."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ना लंबू दिसत होता ना ताई. मला फक्त त्या माणसाचं तोंड पडलेलं बघायचं होतं. वर्षभर मी त्याची वाट बघत होते. आणि पडलं ते. क्षणभर अगदी हवं तसं पडलं, ओठ उघडे, माईक गालावर वाकडा. मला बरं वाटलं.

मग तो म्हणाला, "पण मग उत्तरं कोण देतंय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "त्याची आई."

"आई," तो म्हणाला. एकदा मोठ्यानं, एकदा स्वतःशी. आणि ते पडलेलं तोंड माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा वर आलं, आधीपेक्षा उजळ. त्यानं रीलवालीला हाक मारली. गाडी घे, म्हणाला, पत्ता ॲपमधून मोबाईलवर घे. दारात कॅमेरा, आईच्या हातात मुलाचा फोन. इकडून आपण कॉल लावायचा, चारला, दोन्ही चित्रं एकदम पडद्यावर. रीलवाली म्हणाली, "सर, त्यांना आधी विचारायचं का?"

"विचारलं की माणूस तयारी करतो," तो म्हणाला. "मला तयार रडणं नकोय."

"ती माझी बहीण आहे," मी म्हणाले.

"अरे वा," तो म्हणाला. "मग तुम्हीपण गाडीत बसा. दोघी बहिणी, छान होईल. मॅडम, तुम्ही आज मोहीम तारलीत."

असल्या माणसाला शिवी द्यायचीसुद्धा मला किळस येते. मी खाली पळाले. या वयात मी पळत नाही, पण पळाले. जिन्याखालच्या खोलीत डेटावाला एकटाच होता. मी माझा मोबाईल काढला, ॲप उघडलं, लंबूचं नाव काढलं आणि 'हयात नाही' दाबलं. मोबाईलवर आलं, 'खात्री आहे?' ॲपला काय, ते कुणालाही विचारतं. तीन वर्षं जे मला कात्रीनं जमलं नाही ते बोटानं करायला लागत होतं, आणि वर गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. मी 'होय' दाबलं. फोटो गेला, नंबर गेला, पत्ता गेला, त्या चार ओळीही गेल्या. मग मी खणातलं कार्ड काढलं, त्यावरही पत्ता होताच, आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं.

दहा मिनिटांत उंटावरचा खाली आला. रीलवाली गाडीत बसून पत्त्याची वाट बघत होती आणि मोबाईलवर नुसती करडी चौकट येत होती. तो माझ्याशी बोलला नाही, डेटावाल्याला म्हणाला, "बॅकअप काढ."

"सगळ्यांचा असतो, सर," डेटावाला म्हणाला. "हयात नाही त्यांचा नसतो. मीटिंगमध्ये तसंच ठरलंय. तुमची सही आहे."

मी वर्षभर ज्या माणसाशी धड बोलले नव्हते तो हा. उंटावरचा माझ्याकडे वळला. "सख्खी बहीण आहे तुमची. नंबर, पत्ता पाठ असेल."

"मला माझा स्वतःचा नंबर पाठ नाही," मी म्हणाले. तो बरंच काही बोलला. चौकशी, निवृत्तीला राहिलेले दिवस, विद्यापीठाचं नुकसान. मी कपाटाचे खण एकेक करून लावून घेत होते.

चार वाजता मी मुद्दाम सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. यादीतला दुसरा लाडका आता पहिला झाला होता. त्याला कॉल लागला तेव्हा तो दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत होता. दुमजली पडद्यावर उघडं तोंड, त्यात आरसा आणि नळी, आणि खाली उंटावरचा म्हणतोय, "काय राजा, विसरलास की काय आम्हाला?" अख्खं सभागृह हसलं. मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. फार दिवसांनी एवढं मोकळं वाटत होतं. मी माझ्या बहिणीला त्या माणसाच्या तावडीतून सोडवलं होतं, आणि ते तिला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

सहाला तिच्याकडे पोचले. भाऊजी यायचे होते. ताई तशीच बसली होती, त्याच कपड्यांत, फोन समोर. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "आज नेट बंद होतं का गं तिकडे?"

"नाही."

"वाजला नाही. म्हटलं उशीर झाला असेल. सहा वाजेपर्यंत थांबले."

मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पडदा, तो डोळा मारणं, माझं वर चढणं. गाडी, कॅमेरा, तयार रडणं. बटण. हेही सांगितलं की त्या ओळी माझ्या होत्या, शिडीची, वहीची, सगळ्या, आणि अजून कितीतरी माझ्या डोक्यात आहेत, आता मी तिला दर रविवारी सांगेन, भाऊजींना काय म्हणायचं ते म्हणू देत. भराभर बोलत होते मी. बोलता बोलता ती माझा हात धरेल असं मला वाटत होतं.

ती ऐकत होती.

"म्हणजे आता त्यांना कळलं," ती म्हणाली.

"कळलं. पण आता त्रास नाही देणार तुला ते. नंबरच नाही त्यांच्याकडे. मेसेजही नाही येणार."

"गुरुवारी पण नाही?"

"नाही."

तिनं हात लांब करून चार्जरचं बटण बंद केलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी तिची एखादी वस्तू माझ्या हातून फुटली की बघायची तसं.

"सगळ्या जगाला ठाऊक होतं गं, तो गेलाय," ती म्हणाली. "तेवढी एकच जागा होती, जिथे कुणाला माहीत नव्हतं. तू तिथेही सांगून आलीस."